जातिलुविहला जाताय ना, मग पायऱ्या नंतर बघा, आधी तो ओंडका बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की नाशिककडच्या एका पाणी वापर संस्थेचे बारा सभासद पदरचे पैसे घालून बालीला चाललेत, त्यातला एक दिवस त्यांनी जातिलुविह नावाच्या गावासाठी राखून ठेवलाय, तर ते गाव नक्की कसंय, एक दिवस पुरतो का आणि तिथनं आपल्याला उचलण्यासारखं काय आहे. मी सव्वीस वर्षं कालव्यांच्या चाऱ्या-पोटचाऱ्यांवर घालवलीत, संस्था उभ्या करायच्या, बसलेल्या परत उठवायच्या हेच काम, आणि या गावाला दोनदा जाऊन आलोय. त्यामुळं जरा लांबड लागेल, चालवून घ्या.

एक दिवस पुरतो, पण सकाळी सहाला निघालात तर. देनपासारहून साधारण ४५-५० किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशोबानं तासाभराचं काम, पण रस्ता अरुंद आणि वळणांचा, दोन तास धरून चला. दहानंतर टुरिस्टच्या गाड्या येतात आणि मग शेतकरी दिसत नाहीत, कॅमेरेच दिसतात. गाव ताबानान जिल्ह्यातल्या पेनेबेल तालुक्यात, बातुकारु डोंगराच्या दक्षिण उतारावर, उंची ७०० मीटरच्या आसपास. बातुकारु स्वतः २,२७६ मीटर, बालीतला दुसऱ्या नंबरचा उंच डोंगर, जुना ज्वालामुखी, वरचं जंगल अजून बऱ्यापैकी शाबूत आणि तेच या सगळ्या भागाचं धरण समजा. धरण म्हणून बांधलेलं इथं काही नाही, हे पहिल्यांदा डोक्यात बसवून घ्या, कारण आपण पाणी म्हटलं की आधी भिंत शोधतो.

गावाच्या समोर भाताच्या खाचरांच्या पायऱ्या उतरत जातात, सुमारे ३०० हेक्टर, एका नजरेत न मावणाऱ्या. युनेस्कोनं २०१२ साली बालीची सुबाक पद्धत (शेतकऱ्यांच्या संस्थेनं पाणी वाटायची, पुढं सांगतो) जागतिक वारशात घेतली त्यात हा परिसर आहे. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेनं जगातल्या उत्तम पर्यटन-गावांच्या यादीतही याचं नाव टाकलं. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण पायऱ्या काय, आपल्या कोकणातपण आहेत आणि भीमाशंकरच्या उतारालापण आहेत. बघायची गोष्ट वेगळी आहे आणि ती कुठल्याच पोस्टरवर नसते.

पहिल्या भेटीत मला सुबाकचा प्रमुख, त्याला पेकासेह म्हणतात, बांधाबांधानं एका जागी घेऊन गेला. साधी चारी, दीड-दोन फूट रुंद, त्यात आडवा टाकलेला नारळाच्या लाकडाचा ओंडका, शेवाळ धरलेला. ओंडक्याच्या अंगात खाचा कोरलेल्या, एक रुंद, दोन अरुंद, सगळ्यांचा तळ एका पातळीत. पाणी येतं, ओंडक्यावरनं उतरतं, आणि खाचेच्या रुंदीप्रमाणे आपोआप वाटलं जातं. बस. गेट नाही, चावी नाही, मीटर नाही. याला तेंबुकु म्हणतात आणि खाचेच्या मापाला तेकतेक. एका वाट्याच्या जमिनीला एक तेकतेक, दोन वाट्याची असेल तर दुप्पट रुंदी. मी टेप काढून मोजायला लागलो तर तो हसायला लागला, म्हणाला बोटांनी मोज, चार बोटं. मग कळलं की यातली खरी अक्कल मापात नाहीच. पाणी वाढलं तर सगळ्यांना वाढतं, आटलं तर सगळ्यांना त्याच प्रमाणात आटतं, आणि येता-जाता कुणालाही दिसतं की कुणाच्या खाचेत दगड बसवलाय. आपल्याकडं क्युसेक, दलघमी, कोटा, सगळे आकडे कागदावर आणि पाणी कुठं गेलं ते एकट्या पाटकऱ्याला माहीत!

चोरी होत नाही असं मुळीच समजू नका. मी विचारलं तेव्हा तो सरळ म्हणाला, होते, उन्हाळ्यात होते, मग त्याला बैठकीत बोलावतो. सुबाकचे लेखी नियम असतात, आविग-आविग म्हणतात त्याला, दंड ठरलेले, आणि दंडापेक्षा जड म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहणं. गावगाडा सगळीकडं सारखाच.

आता सुबाक म्हणजे काय हे नीट सांगतो, कारण गाईड लोक तत्त्वज्ञान सांगतात आणि मूळ गोष्ट राहून जाते. सुबाक म्हणजे एका पाटावर भिजणाऱ्या खाचरांच्या मालकांची आणि कसणाऱ्यांची संस्था. ती गावाची नाही, पाण्याची आहे. तिथं गावाचे प्रकार बघितले तर डोकं चक्रावतं. सरकारी गाव वेगळं, त्याच्या प्रमुखाला पर्बेकेल म्हणतात, रितीरिवाजाचं गाव वेगळं, त्याच्या आत वाड्या, त्यांना बांजार म्हणतात, लग्न-मयत-जत्रा सगळं बांजारमध्ये. आणि सुबाक या सगळ्याला आडवा छेद देऊन जातो. एकाच माणसाची जमीन दोन पाटांवर असेल तर तो दोन सुबाकांचा सभासद, भले राहायला तिसऱ्याच वाडीत असेना का. जातिलुविहच्या सुबाकात परत सात पोटगट आहेत, त्यांना टेंपेक म्हणतात, आणि आपल्या मायनरवर, म्हणजे छोट्या कालव्यावर, जसा हेडचा (वरच्या तोंडाचा) गट नि टेलचा (खालच्या शेवटाचा) गट पडतो तसंच समजा, फक्त इथं गट भांडायला नाही तर कामं वाटून घ्यायला केलेत. (बाली भाषेत ओल्या खाचराला उमा म्हणतात, त्यावरनं काही टेंपेकांची नावं आहेत, आपल्या पार्वतीशी त्याचा संबंध लावत बसू नका, आमच्यातल्या एका गुरुजींनी अर्धा दिवस त्यातच घालवला.)

ही काही आजची गोष्ट नाही, १०७१ सालच्या एका कोरीव लेखात सुबाकचा जुना शब्द येतो, म्हणजे आपल्याकडं यादवांचा अंमल बसायच्याही आधी. बालीच्या नद्या खोल घळीतनं वाहतात, शेत वर आणि पाणी खाली, मग नदीवर खूप वरच्या अंगाला छोटा बंधारा घालायचा आणि तिथनं डोंगर पोखरून बोगद्यानं पाणी शेताच्या पातळीला आणायचं. हे बोगदे हातानं खोदलेले, त्याचे खास कारागीर असायचे. हे काम एकट्यादुकट्याला जमणारच नाही, म्हणून संस्था आधी आणि पाणी मागनं. आपण पाणी आधी देतो आणि संस्था मागनं रजिस्टर करतो, एका आमसभेत, चहा-बिस्किटावर.

आता मुख्य मुद्दा, यासाठी मी एवढं टाइप करत बसलोय. तुम्ही टेलचे असाल किंवा हेडचे, हा प्रश्न तुमच्या पोटात असणारच. वरच्याच्या दारातनं पाणी जातं, त्याला खालच्याची काय पडलीय? तो का सोडेल? मी पेकासेहला नेमकं हेच विचारलं. मला वाटलं आता देवाचं नाव घेणार. त्यानं एकच शब्द सांगितला, वेरेंग. म्हणजे तपकिरी तुडतुडे.

झालंय असं की भाताला दोन दुखणी आहेत, पाणी कमी पडणं आणि कीड. पाण्याचं दुखणं खालच्याला, वरच्याला त्याची झळ नाही. पण किडीचं दुखणं दोघांनाही. तुडतुडा, उंदीर यांना जगायला सतत हिरवं भात लागतं. एका मोठ्या पट्ट्यातल्या सगळ्यांनी एकदम कापणी केली आणि दोन-तीन आठवडे रानात काही ठेवलंच नाही तर कीड उपाशी मरते. पण वरच्यानं आज लावलं आणि खालच्यानं पाणी नाही म्हणून महिन्यानं लावलं, तर वरची कापणी झाली की कीड खाली जाते, खालची झाली की परत वर येते, तिला बारा महिने जेवण. म्हणजे खालच्याला वेळेवर पाणी दिलं नाही तर वरच्याचंच भात जातं. म्हणून वरचा पाणी सोडतो. बरं, सगळ्या डोंगरानं एकाच दिवशी लावणी धरली तर पाणी पुरत नाही, आणि प्रत्येकानं मन मानेल तेव्हा लावली तर कीड आवरत नाही, मधला कुठलातरी जोड शोधायचा, किती सुबाकांनी एकत्र चालायचं आणि कुणी मागं राहायचं. हे ठरतं पाण्याच्या देवळांमधल्या बैठकांत. स्टीफन लान्सिंग नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हे बघत बसले, मग जेम्स क्रेमर या पर्यावरण शास्त्रज्ञासोबत त्यांनी संगणकावर नद्या, शेतं, किडी सगळ्यांचं मॉडेल बनवलं, १९९३ साली ते छापून आलं, आणि त्यातनं उत्तर आलं ते जवळपास देवळांच्या वेळापत्रकासारखंच.

हे कळायला तिथल्या सरकारलाही ठेच लागली. सत्तरच्या दशकात हरितक्रांती आली, नवीन बुटक्या जाती, खत, औषधं, आणि आदेश असा की देवळाचं वेळापत्रक सोडा, जमेल तितक्या वेळा भात घ्या. सुरवातीला उत्पन्न वाढलं, खोटं कशाला बोलू. नंतर तुडतुडे आले, टुंग्रो रोग आला, औषध मारलं तर तुडतुड्याला खाणारे कोळी आधी मेले आणि तुडतुडा राहिला. १९८६ मध्ये इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंनी भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर एका फटक्यात बंदी घातली. भंडारा-गोंदियाच्या धान शेतकऱ्याला हे वाचून ओळखीचं वाटेल. त्याच काळात परदेशी कर्जावर सिंचनाची नवीन कामं झाली, ओंडक्यांच्या जागी लोखंडी गेटं बसवली, आणि कितीतरी ठिकाणी इंजिनियरची पाठ वळली की शेतकऱ्यांनी ती काढून टाकली. मी स्वतः सिंचनवाला, वाचताना कानशिलं गरम झाली, कारण आपल्याकडंपण पोटचारीची गेटं भंगारात गेलेली मी पाहिलीत, फक्त आपल्याकडं त्यांच्या जागी ओंडका नव्हता.

बरं, गावाबद्दल. घरं रस्त्याकडेला, प्रत्येक वाड्याला भिंत, आत वेगवेगळ्या छोट्या इमारती, एका कोपऱ्यात घरचं देऊळ, आणि धान्याची कोठी, जिनेंग, चार खांबांवर उचललेली, छप्पर कमानीसारखं वळलेलं. आपली कणगी घराच्या आत कोपऱ्यात असते, यांची बाहेर दिमाखात उभी. गाई बघा, तांबूस रंग, चारही पाय गुडघ्यापासनं पांढरे आणि पाठीमागं पांढरा गोल ठप्पा, जणू चुन्यात बसून उठल्यात. नांगर आता कमी, छोटा पॉवर टिलर चिखलणी करतो. वरच्या अंगाला कॉफी, कोको, नारळ, दुरियान.

भात दोन पद्धतीचं. एक जुनं देशी, त्यातलं लाल तांदळाचं जातिलुविहचं नाव, साधारण जानेवारीत आवणी आणि जून-जुलैच्या आसपास कापणी, म्हणजे पाच-सहा महिने रान अडवतं. त्यानंतर दुसऱ्या हंगामात लवकर येणारं पांढरं. देशी भात छातीला लागेल एवढं उंच होतं, आणि ते विळ्यानं नाही कापत, तळहातात मावेल अशी छोटी पाती असते, तिनं एक एक लोंबी खुडतात, पेंढ्या बांधून वाळवतात आणि पेंढीसकट जिनेंगमध्ये ठेवतात. पाती तळहातात लपवतात ती देवी श्रीला दिसू नये, ती घाबरेल म्हणून, असं सांगतात. देवी श्री म्हणजे भाताचीच देवी, आपल्या लक्ष्मीची पाहुणी म्हणा, पण लक्ष्मी नव्हे. कापणी झाली की बदकं सोडतात रानात, सांडलेले दाणे, गोगलगाय सगळं साफ. बांबूला पांढरं फडकं बांधून रोवून ठेवतात आणि बदकं त्या काठीला सोडून लांब जात नाहीत, मालक निवांत चहाला. वाऱ्यावर वाजणारे लांब बांबू बघा, सुनारी, त्याला भोकं पाडलेली असतात, पहाटे धुक्यात त्याचा आवाज आला तर कुणीतरी कण्हतंय असं वाटतं.

पूजा-अर्चा प्रत्येक टप्प्याला आहे, पाणी घेताना, लावणीला, दाणा भरताना, कोठीत ठेवताना. ताबानानकडं उंदीर फार झाले तर सगळ्यांनी मिळून उंदीर मारायचे आणि मग त्यांना रीतसर अग्नी द्यायचा, माणसाला देतात तसा. हसू येतं, मलाही आलं, पण विचार करा, सगळ्या पट्ट्यानं एकाच आठवड्यात उंदीर मारण्यासाठी यापेक्षा पक्की तारीख कुठली! परिपत्रकानं एक तरी उंदीर मेलाय का आजवर?

सगळं गोड गोड आहे असं समजून जाऊ नका, दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा मीच जरा खट्टू झालो. शेतात दिसणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. पोरं खाली हॉटेलात, क्रूझवर, देनपासारला. बालीच्या दक्षिण भागात खाचरं भरून व्हिला उभे राहिलेत आणि ती झळ वर सरकतेय, जागेचे भाव वाढले की भात परवडत नाही आणि एकानं मधलंच खाचर बुजवलं की त्याच्याखालच्या चार जणांच्या पाण्याची वाट मोडते. जातिलुविहमध्ये प्रवेशाचं तिकीट आहे, त्यातला वाटा गावाला आणि सुबाकला जातो, पण ज्याच्या बांधावर फोटो काढतात त्याच्या हातात त्यातलं किती पडतं यावर कुरबूर आहेच. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, लोक माझं शेत बघायला पैसे देतात, माझा तांदूळ मात्र घासाघीस करून घेतात. म्हणून सांगतो, जेवण तिथल्याच साध्या वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खानावळीत करा, आणि लाल तांदूळ किंवा त्याचा चहा शेतकऱ्याच्या घरनं घ्या.

आता आपल्याला काय घेता येईल. देवळं नाही घेता येणार, आणि ओंडकाही जसाच्या तसा नाही, कारण तो सतत वाहत्या पाण्यावर चालतो, आपलं पाणी पाळीनं येतं, आठ दिवस आहे नि वीस दिवस नाही. पण तुम्ही नाशिककडचे आहात, तुमच्या पांझरा-मोसम खोऱ्यातच फड पद्धत होती, काही बंधाऱ्यांवर थोडीबहुत अजून आहे, ती आठवा. रानाचे चार फड पाडायचे, एका फडात एकच पीक, प्रत्येकाचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात, पाणी कमी झालं तर अख्खा फड बंद ठेवायचा म्हणजे तोटा सगळ्यांचा. पाटकरी, जागल्या, हवालदार गावानं नेमलेले, मोबदला धान्यात. हे सुबाकचं चुलत भावंडच आहे, दोघांची भेट कधी झाली नाही एवढंच. दोन्हीकडं युक्ती एकच, वरच्याचा स्वार्थ खालच्यात अडकवून ठेवायचा. शेतकऱ्यांनी सिंचन सांभाळायच्या २००५ च्या आपल्या कायद्यात संस्था आहे, टेलकडनं हेडकडं पाळी आहे, सगळं आहे, पण हेडवाल्याला टेलची गरज कुठं पडते हे कुणी बांधलेलंच नाही. मी एका संस्थेत प्रयोग करून बघितला, कांद्यावरच्या थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) एका मायनरवर एकाच आठवड्यात लागवड धरायची, म्हणजे पाळीही एकत्र लागेल. पहिल्या वर्षी जमलं, दुसऱ्या वर्षी हेडच्या चौघांनी बाजारभावाच्या नादानं आधी लावलं आणि गाडी घसरली. चूक माझीच, मी किडीचा हिशोब आमसभेत आकड्यांनी सांगितला, हेडवाल्याला टेलच्या शेतात नेऊन पान उलटून दाखवलं नाही. तुम्ही जाताय तर पेकासेहला हेच विचारा, नवीन सभासद ऐकत नसेल तर त्याला आधी काय दाखवता.

किरकोळ गोष्टी. पावसाळा नोव्हेंबर ते मार्च, बांध निसरडे, चप्पल नको. न्येपीच्या, म्हणजे त्यांच्या मौनाच्या सणाच्या दिवशी सगळी बाली बंद असते, विमानतळसुद्धा, तारीख बघून तिकीट काढा. बाली सरकारनं २०२४ पासनं परदेशी माणसाला दीड लाख रुपिया कर लावलाय, आकडा बघून घाबरू नका, आपले हजाराच्या आत येतात. माळकरी असतील त्यांनी टेंपे (आंबवलेलं सोयाबीन), टोफू, उराप ही भाजी मागावी, पण सांबाल म्हणून जी चटणी येते तिच्यात बहुतेकदा कोळंबीची पेस्ट असते, "तांपा तेरासी" म्हणायचं, तेरासीशिवाय. देवळात जाताना कंबरेला सारोंग, म्हणजे लुंगीसारखं कापड लागतं. बांधावर छोट्या पानाच्या टोपलीत फुलं ठेवलेली दिसतील, ओलांडू नका, बाजूनं जा.

आणि पेकासेहची वेळ आधी मागून घ्या, दुभाष्या धरा, गाईड नको, गाईड त्याचं बोलणं अर्ध्यात तोडून तत्त्वज्ञान सुरू करतो. मोबाइलमध्ये तुमच्या चारीचे, दारांचे, टेलच्या शेवटच्या शेताचे फोटो भरून न्या. मला त्यानं पहिलं हेच विचारलं होतं, तुमच्याकडं पाणी कसं वाटता दाखव, आणि माझ्या फोनमध्ये सगळे फोटो धरणाचे होते.